गोचिडाची लाळ, गायीचे रक्त आणि आपला फवारा

आपण काटोल भागात सहा संकरित गायी सांभाळता, रसायनशास्त्राचे पदवीधर आहात, आणि आपले तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. गोचिडाच्या लाळेत रक्त गोठू न देणारी विकररोधके, म्हणजे एन्झाइम इनहिबिटर, असतात असे आपण वाचले. मग गायीच्या रक्तात त्यांना तोंड देणारे काहीच नसते का, हा पहिला प्रश्न. ही रोधके इतकी नेमकी माहीत झाली आहेत तर त्यांच्यावरच लस का निघत नाही, हा दुसरा. आणि आपण कोठ्यात फवारतो ते औषधही एका विकराचे काम बंद पाडते असे दुकानदाराने सांगितले, तर ते गोचिडाला मारते आणि गायीला सोडते हे कसे, हा तिसरा. नागपुरात परोपजीवींच्या तपासणीचे काम करताना हे प्रश्न मला वेगवेगळ्या माणसांनी विचारले आहेत. आपण ते एकत्र विचारलेत हे बरे झाले, कारण तिन्हींतली गल्लत एकाच ठिकाणी होते.

रोधक म्हटले की थांबवणारे, एवढाच बोध होतो. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी तीन गोष्टी तपासाव्या लागतात: रोधक कोणी तयार केले, ते ज्याला अडवते ते विकर कोणाचे, आणि दोघांची गाठ कोणाच्या शरीरात पडते. लाळेतले रोधक गोचिडाचे, विकर गायीचे आणि गाठ गायीच्या कातडीत. फवाऱ्यातले रोधक कारखान्याचे, विकर गोचिडाचे, परंतु तेच विकर गायीतही आहे आणि पंप धरणाऱ्या माणसातही आहे. हा हिशेब मांडला की बरेचसे कोडे आपोआप सुटते.

पुस्तकाकडे जाण्याआधी एक साधी गोष्ट आपल्याच गायीवर पाहा. कासेवरचा, बोराएवढा फुगलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढला की मागे एक लालसर उंचवटा राहतो आणि त्यातून पातळ, काळपट रक्त झिरपत राहते. शेजारीच इंजेक्शनची सुई टोचली तर तो थेंब थोड्या वेळात सुकतो. गोचिडाची जागा मात्र पुसली तरी पुन्हा ओली होते. (फुगलेला गोचीड नखांत धरून फोडण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ती सोडा, क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू हायलोमा जातीच्या गोचिडांतून माणसात येतो आणि त्याचे रुग्ण शेजारच्या गुजरातेत २०११ पासून सापडले आहेत.) हीच गोष्ट परीक्षानळीत अधिक स्वच्छ दिसते. अर्धवट फुगलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली उघडली की दोन्ही बाजूंना पांढुरक्या द्राक्षघडांसारख्या लालाग्रंथी दिसतात. त्या मिठाच्या पाण्यात कुस्करून त्यांचा अर्क गोठणे थोपवणारे सायट्रेट घातलेल्या गायीच्या रक्तद्रवात मिसळायचा, नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि गोठणे पुन्हा सुरू करणारे कॅल्शियम क्लोराइड घालून ती अधूनमधून तिरपी करायची. अर्क नसलेल्या नळीतला द्रव काही मिनिटांत दह्यासारखा धरतो. अर्क घातलेल्या नळीत तो पाण्यासारखा वाहतच राहतो. अशी गोष्ट प्रथम नोंदवणाऱ्यांत इटलीचे साबातानी होते, तेही १८९९ मध्ये, म्हणजे रक्त गोठण्याची साखळी पुरती उलगडण्याच्या कितीतरी आधी.

गोचिडाला याची गरज का पडते, तर तो डासासारखा क्षणभर बसून उडून जात नाही. आपल्या गायींवर सर्वाधिक आढळणारा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, ज्याला जुन्या पुस्तकांत बूफिलस म्हटलेले आढळेल, पिल्लू ते प्रौढ असा सारा काळ एकाच जनावरावर सुमारे तीन आठवडे काढतो. प्रौढ मादी कित्येक दिवस हळूहळू पिते आणि शेवटच्या एखाद्या दिवसात एकदम फुगते. या साऱ्या काळात ती एकाच नळीसारख्या मुखभागातून आळीपाळीने रक्त ओढते आणि लाळ सोडते. रक्तातले बरेचसे जादा पाणीही लाळेवाटे गायीलाच परत करते, म्हणून तिला इतके दाट रक्त पोटात साठवता येते. अशा जखमेत रक्त एकदा गोठले तर मादी उपाशी मरेल. आणि केवळ गोठण्याचा प्रश्न नाही. कातडीला खाज सुटली, सूज आली, पांढऱ्या पेशी जमल्या, तरी तिचे बिऱ्हाड उठते.

रक्त गोठणे ही एका विकराने दुसऱ्याला कापून जागे करण्याची साखळी आहे. तिच्या शेवटाकडे सक्रिय दहावा घटक प्रोथ्रॉम्बिनला कापून थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनला कापून फायब्रिनचे धागे करते. ही सारी सेरीन वर्गातली, प्रथिने कापणारी विकरे आहेत, आणि गोचिडांनी मुख्यतः हाच शेवटचा टप्पा गाठला आहे. आफ्रिकेतल्या ऑर्निथोडोरस मौबाटा या मऊ गोचिडातून १९९० मध्ये मिळालेले टॅप नावाचे प्रथिन अवघ्या ६० अमिनो आम्लांचे असून ते दहाव्या घटकाला अत्यंत निवडकपणे अडवते. आपल्याच मायक्रोप्लसमधले बूफिलिन थ्रॉम्बिनला बांधते. अमेरिकेतल्या आयक्सोडिस स्कॅप्युलॅरिसमधले आयक्सोलॅरिस साखळीच्या आरंभालाच, उती घटक (जखम होताच साखळी सुरू करणारे प्रथिन) आणि सातवा घटक यांच्या जोडीला, खीळ घालते. एकच दार कुलूपबंद करण्यापेक्षा घराची सारी दारे लावावीत, असा हा प्रकार आहे.

अडवण्याच्या पद्धती मात्र दोन आहेत, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. बूफिलिन, टॅप ही कुनिट्झ घराण्यातली लहान, घट्ट वीण असलेली प्रथिने. ती विकराच्या कापणाऱ्या खाचेत बुचासारखी बसतात. विकर शाबूत असते, पण त्याला काम करता येत नाही. दुसरे घराणे सर्पिनांचे. ही साडेतीनशे ते चारशे अमिनो आम्लांची मोठी प्रथिने आहेत आणि त्यांचा एक मोकळा फास बाहेर लोंबत असतो. विकर तो आपले खाद्य समजून कापायला जाते, अर्धा कापते, आणि त्याच क्षणी सर्पिन आपली सारी घडी बदलून विकराला ओढत दुसऱ्या टोकाला नेते व त्याचा आकारच मोडून टाकते. कुलपात किल्ली तुटून बसावी तसे होते: कुलूपही गेले, किल्लीही गेली. एक सर्पिन एकदाच कामी येते, म्हणून गोचिडाला ते सतत नव्याने लाळेत ओतावे लागते.

येथे विदर्भातल्या वाचकासाठी एक खुलासा करतो, कारण विद्यार्थी येथे हमखास घसरतात. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारे रोधक असते आणि म्हणून जनावराला द्यायची सोयाबीनची ढेप नीट भाजलेली असावी लागते, हे आपण जाणताच. ते रोधकही कुनिट्झ यांच्याच नावाने ओळखले जाते, कारण मोझेस कुनिट्झ यांनी ते १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले. परंतु गोचिडाचे कुनिट्झ घराणे हे त्या सोयाबीनच्या घराण्याचे नातलग नव्हे. ते नातलग आहे गायीच्या स्वादुपिंडातून कुनिट्झ आणि नॉर्थ्रप यांनी १९३६ मध्ये वेगळ्या केलेल्या, ५८ अमिनो आम्लांच्या रोधकाचे, ज्याचे औषधी नाव ॲप्रोटिनिन आहे. म्हणजे ज्या घडणीचे हत्यार गोचीड गायीवर चालवतो, त्याच घडणीचे हत्यार गायीच्या शरीरातही आहे.

आता आपला पहिला प्रश्न. गायीच्या रक्तात विकररोधके भरपूर आहेत: अँटिथ्रॉम्बिन आहे, अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन आहे, उती घटकाच्या मार्गाला आवरणारे रोधक आहे. ती असूनही गायीला गोचिडापासून वाचवत नाहीत, कारण ती ज्यांना आवरतात ती विकरे बहुतेक गायीचीच आहेत. अँटिथ्रॉम्बिनचे काम गोठणे जखमेपुरते मर्यादित ठेवण्याचे. गोचिडाच्या दृष्टीने पाहिले तर ते त्याच्याच बाजूचे. गायीच्या लगामाला गोचीड आणखी चार हात लावतो, एवढेच.

मग गोचिडाच्या पोटात गेलेल्या रक्तातली रोधके तेथल्या पचनाला तरी अडवतील, असे वाटणे साहजिक आहे. डास किंवा गोमाशी यांच्याबाबत हा विचार काही अंशी लागू पडेल, कारण त्यांचे पचन आतड्याच्या पोकळीत, सेरीन वर्गाच्या विकरांनी होते. गोचिडाने येथे वेगळाच मार्ग धरला आहे. तो हिमोग्लोबिन आतड्याच्या पेशींच्या आत ओढून घेतो आणि तेथल्या आम्लयुक्त पिशव्यांत कॅथेप्सिन डी, बी, एल आणि लेग्युमेन अशा दुसऱ्याच वर्गांतल्या विकरांनी त्याचे तुकडे करतो. सेरीन विकरांसाठी घडलेली अँटिथ्रॉम्बिनसारखी रोधके तेथे निरुपयोगी ठरतात. बाहेर पोकळीत मात्र दिवसेंदिवस साठलेले रक्त पातळच राहावे लागते, म्हणून बूफिलिनसारखी रोधके लालाग्रंथीत जेवढी महत्त्वाची, तेवढीच किंबहुना त्याहून अधिक आतड्यात महत्त्वाची आहेत. गोचीड फोडल्यावर बाहेर येते ते गुठळी न झालेले चिकट रक्त, त्याचे कारण हे.

गोठण्याखेरीज दाहाशी संबंधित विकरांवरही गोचिडाचा डोळा असतो. आयक्सोडिस रिसिनसमधले आयआरएस-२ हे सर्पिन पांढऱ्या पेशींच्या कॅथेप्सिन जी आणि खाज-सूज आणणाऱ्या मास्ट पेशींच्या कायमेज या विकरांना अडवते. ऱ्हिपिसेफॅलस ॲपेंडिक्युलेटसमधले एक रोधक मास्ट पेशींच्या ट्रिप्टेजला बांधते. सायलोस्टॅटिन हे सिस्टॅटिन घराण्यातले प्रथिन कॅथेप्सिन एल रोखून प्रतिकारपेशींचे काम मंदावते. परिणामी त्या जागी जणू एक शांत कोपरा तयार होतो, आणि लाळेबरोबर येणारे रोगजंतू त्या शांततेचा लाभ घेतात. हायलोमा ॲनाटोलिकममधून येणारा थायलेरियाचा गोचीडताप किंवा मायक्रोप्लसमधून येणारा, लघवी तांबडी करणारा बबेसिया, यांच्याकडे रोगजंतू आणि त्याचे वाहन इतक्याच नजरेने पाहणे मला अपुरे वाटते. वाहन रस्ताही करून देते.

दुसरा प्रश्न लशीचा. कल्पना सोपी आहे: गायीच्या शरीरात या रोधकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायची, म्हणजे लाळ निष्प्रभ होईल. ब्राझीलमध्ये मायक्रोप्लसच्या ट्रिप्सिन-रोधकांवर असे प्रयोग झाले आणि गोचिडांची संख्या घटलीही, परंतु कोठ्यात वापरता येईल अशी लस त्यातून उभी राहिली नाही. माझ्या मते मुख्य अडचण संख्येची आहे. एकेका गोचिडाच्या जातीत सर्पिनांची जनुके डझनावारी आणि कुनिट्झ घराण्याची त्याहूनही अधिक सापडतात; एकाला अडवले तर तेच काम करणारे दुसरे हजर असते. शिवाय मादी चिकटल्यापासून गळून पडेपर्यंत लाळेतली प्रथिने बदलत राहते, त्यामुळे गायीच्या शरीराने एक ओळखेपर्यंत पुढचे आलेले असते. प्रत्यक्ष बाजारात आलेली गोचिडाची लस, ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये आलेली टिकगार्ड आणि क्युबाची गावाक, ही बीएम८६ या आतड्याच्या पेशीवरील प्रथिनावर आधारलेली आहे, आणि ते रोधक नाही. गायीच्या प्रतिपिंडांना गोचिडाच्या पोटात प्रवेश मिळतो आणि ती तेथल्या पेशी फोडतात, हे त्या लशीचे मर्म. लाळेशी लढण्यापेक्षा पोटाशी लढणे सोपे गेले.

संकरित गायींवर गोचीड अधिक आणि शेजारच्या गौळाऊ या देशी जातीच्या गायीवर कमी, हे आपण पाहिलेच असेल. देशी वळूच्या वंशातली कातडी गोचिडाच्या पिल्लाला लवकर आणि तीव्र प्रतिसाद देते, तेथे खाज सुटते, जनावर चाटते, आणि बरीचशी पिल्ले पहिल्याच दिवशी गळून पडतात. गोचिडाची रोधके ज्या खाजेला दडपू पाहतात, ती खाज देशी जनावरात त्यांना पुरून उरते. म्हणून गायीला इतके आखडून बांधू नये की तिला स्वतःची पाठ चाटता येणार नाही. हा उपाय फुकटचा आहे आणि तो सांगितला की लोक हसतात.

तिसऱ्या प्रश्नावर मी थोडा अधिक थांबतो, कारण येथे चुकले की जीव जातो. मॅलाथिऑन, कौमाफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस वर्गातली औषधे ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला कायमचे जखडतात. हे विकर मज्जातंतूंच्या सांध्यावर साचणारे ॲसिटिलकोलिन झाडून काढते. झाडणारा थांबला की संदेश थांबतच नाही, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. गोचीड, गाय आणि माणूस या तिघांतही हे विकर आहे. मग गाय वाचते ती कशी? मॅलाथिऑन स्वतः सौम्य असते. शरीरात त्याचे मॅलाऑक्सॉन झाले की ते घातक ठरते. सस्तन प्राण्यांच्या यकृतात कार्बॉक्सिलएस्टरेज नावाचे दुसरे विकर आहे, जे मॅलाथिऑन आणि मॅलाऑक्सॉन या दोहोंना वेगाने तोडते. ज्या कीटकांत आणि गोचिडांत ते तुटपुंजे असते, ते मरतात. म्हणजे गायीचे रक्षण मात्रेने आणि या दुसऱ्या विकराने होते. आता हे लक्षात घ्या की अनेक फॉस्फरस औषधे या रक्षक विकरालाही अडवतात. दोन औषधे एका बादलीत मिसळली की प्रत्येकाची मात्रा अर्धी असूनही गाय कोसळते, ते यामुळे. एकामागून एक, दोनतीन दिवसांच्या अंतराने दोन वेगळी फॉस्फरस औषधे मारणेही तितकेच धोक्याचे.

मोनोक्रोटोफॉसला तर ही सवलतही नाही. ते मूळचेच घातक रूपात असते, त्याला शरीरात बदलावे लागत नाही, आणि ते कातडीतून सहज आत जाते. कपाशीवर मारून उरलेले औषध बैलांवर ओतण्याची खोड आपल्या भागात आहे. एका पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीसाठी धुऊन काढलेल्या बैलजोडीवर असेच कपाशीचे औषध कुणीतरी हाताने चोळले होते. मला बोलावले तेव्हा एका बैलाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या होत्या आणि मांडीचे मांस आपोआप थरथरत होते. ॲट्रोपिन या उताऱ्याने एक बैल उभा राहिला, दुसरा राहिला नाही. चोळणारा मुलगाही घामाघूम होऊन ओकत बसला होता; त्याला आधी रुग्णालयात पाठवावे लागले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

सगळी गोचीडनाशके विकररोधके नसतात, हेही दुकानदाराला सांगायला हवे. डेल्टामेथ्रिन आणि फ्लुमेथ्रिन मज्जातंतूंच्या सोडियम मार्गिकांवर काम करतात. अमिट्राझ गोचिडाच्या ऑक्टोपामीन ग्राहींवर. आयव्हरमेक्टिन क्लोराइड मार्गिकांवर. विषबाधा झाल्यावर याचा थेट परिणाम उपचारावर होतो. अमिट्राझच्या बाधेत फॉस्फरस समजून ॲट्रोपिन देऊ नये. म्हणून डॉक्टरांना बोलावताना बाटली, निदान तिचे लेबल, जवळ ठेवा. अमिट्राझ घोड्यावर अजिबात मारू नका. फ्लुअझुरॉन हे मात्र रोखणाऱ्यांच्याच गटातले, कायटिन (गोचिडाच्या कवचाचे द्रव्य) घडणे थांबवणारे आहे. ते फुगलेल्या मादीला लगेच मारत नाही, पण पिल्लांना कात टाकता येत नाही आणि अंडी उबत नाहीत. गायीच्या अंगात कायटिन नसल्याने ते गायीला सुसह्य आहे. परंतु ते चरबीत साठून दुधात उतरते, म्हणून दूध माणसांसाठी काढायचे असेल त्या गायीवर ते वापरू नये, आणि आपल्या सहाही गायी दुभत्या असल्यास हा विषय येथेच संपतो.

आपण शेवटी ओझरते लिहिले आहे की गेली दोन वर्षे डेल्टामेथ्रिन पूर्वीसारखे लागू पडत नाही. याच्या तपासात रोधके वेगळ्याच कामी येतात. औषध निकामी होण्याची दोन मुख्य कारणे असतात: एकतर औषध जेथे बसते ती जागाच गोचिडात बदलली, किंवा गोचिडाची विकरे औषधाला तोडून टाकू लागली. पायपरोनिल ब्युटॉक्साइड हे सायटोक्रोम पी-४५० विकरांना अडवते, ट्रायफेनिल फॉस्फेट हे एस्टरेज विकरांना. गोचिडाच्या पिल्लांवर औषध एकटे आणि या रोधकासह, असे दोन्ही तऱ्हांनी लावून पाहायचे; रोधक घातल्यावर मारकशक्ती परत आली, तर तोडफोड करणारी विकरे दोषी, आणि नाही आली, तर जागाच बदललेली असण्याची शक्यता अधिक. पहिल्या प्रकारात मात्रा वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने विकरे अधिक असलेली पिल्लेच मागे उरतात.

तपासणी करायची असेल तर वीस-पंचवीस पूर्ण फुगलेल्या, आपणहून गळण्याच्या बेतात आलेल्या माद्या सकाळी जमा करा, कारण त्या बहुधा पहाटेच्या सुमारास गळतात. त्या आधी महिनाभर कोणत्याही गायीवर औषध मारलेले नसावे. झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डबीत ओलसर कापसाचा बोळा ठेवून त्या आणा. स्पिरिटमध्ये टाकू नका, मेलेल्या मादीचा मला उपयोग नाही. मादी सुमारे दोन आठवडे अंडी घालते, अंडी उबायला तीनएक आठवडे लागतात आणि पिल्ले आणखी दोन आठवडे वाढू द्यावी लागतात, म्हणून निकाल दिवाळीआधी हवा असेल तर डबी पोळ्याच्या आसपास पोचली पाहिजे. डबीवर गायीचा क्रमांक आणि शेवटच्या फवारणीची तारीख पेन्सिलीने लिहा. शाई ओलाव्याने पुसली जाते.